वेतनाचा वाद : लवादाकडे की न्यायालयात?

वेरूळच्या लेण्यांवरील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा कायम कर्मचारी, गावचा तलाठी आणि तेथे बस घेऊन येणारा एसटी चालक हे तिघेही सार्वजनिक सेवेतले. मात्र पगाराबाबत तक्रार उद्भवली, तर तिघांच्या वाटा वेगळ्या होतात. पहिल्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. दुसऱ्यासाठी १९९१ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजेच 'मॅट' आहे. त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच (औरंगाबाद) बसते. महामंडळाच्या चालकाला कामगार कायद्यांचा आधार घ्यावा लागतो.

यांतील पहिले दोन मार्ग हक्काच्या वादासाठी आहेत. नियमानुसार मिळायची वेतनवाढ अडली, थकबाकी राहिली, तर नियम काय सांगतो हे न्यायाधीशच ठरवू शकतो. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयातही दाद मागता येते.

परंतु 'पगार किती असावा' हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसते. महागाई, कामाचे स्वरूप आणि तिजोरीची कुवत यांचा मेळ घालावा लागतो. वेतनश्रेणी ठरविणे हे वेतन आयोगासारख्या तज्ज्ञ मंडळांचे काम होय, अशीच सर्वोच्च न्यायालयाची सर्वसाधारण भूमिका राहिली आहे. समान कामाला समान वेतन नाकारले गेल्यास मात्र न्यायालय हस्तक्षेप करते.

केंद्राने १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू करताना हा भेद ओळखला. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा यांवर मतैक्य न झाल्यास तीत सक्तीच्या लवादाची तरतूद आहे. वैयक्तिक प्रकरणे त्यातून वगळली आहेत. निवाड्यावर अंतिम अधिकार संसदेचा राहतो. तलाठी वा एसटी चालक या योजनेत येत नाहीत.

अशी वाट नसली की काय होते, ते २०२१-२२ च्या एसटी संपाने दाखविले. विलीनीकरणाची मागणी उच्च न्यायालयात पोहोचली, त्यासाठी समिती नेमली गेली, समितीने विलीनीकरण अव्यवहार्य ठरविले. पाच महिन्यांहून अधिक काळ कामगारांचे पगार बुडाले आणि खेड्यापाड्यांतील प्रवाशांचे हाल झाले.

तेव्हा हक्काचा वाद न्यायालयात आणि वेतननिश्चितीचा वाद लवादाकडे, अशी विभागणी राज्यानेही स्वीकारणे हिताचे ठरेल. मात्र लवादाचा निवाडा पाळण्याची तयारी सरकारनेही दाखवायला हवी.