चार टनांची लिफ्ट, चार इंचांचा कोबा

स्विफ्टचं रिकामं वजन सुमारे ९०० किलो. ती उचलायला बाजारात जी दोन-खांबी लिफ्ट सर्रास विकली जाते तिची क्षमता ४ टन, म्हणजे गरजेच्या चौपट. आणि ही लिफ्ट ज्यावर बोल्टनं आवळायची तो घरच्या पोर्चमधला कोबा बहुतेक ठिकाणी ४ इंच. घरी लिफ्ट बसवायची म्हटली की लोक टनांचा आकडा विचारतात, फार तर भाव विचारतात. नालवाडीत पहिला प्रश्न इंचांचा असला पाहिजे, कारण त्या ४ इंचांखाली काळी माती आहे.

नालवाडी म्हणजे वर्धा शहराला चिकटलेली ले-आउटांची वस्ती. असा एक प्लॉट धरू : ३० बाय ५० फूट, पुढे पोर्च, पोर्चमध्ये एमएच-३२ची एक गाडी, कधी दोन. हौसेनं स्वतः ऑइल बदलणारा, सायलेन्सरचा खडखडाट शोधणारा माणूस अशा घरात असतोच. त्याच्यासमोर ढोबळमानानं तीन वाटा : लोखंडी रॅम्पची जोडी, कमी उंचीची कात्री-लिफ्ट किंवा गॅरेजमध्ये असते तशी दोन-खांबी लिफ्ट. चौथी वाट जुन्या लोकांची, खड्डा खणण्याची. एसटीच्या आगारात तो असतो तसा. घराखालच्या काळ्या मातीत मात्र खड्ड्याला चारी बाजूंनी आरसीसी भिंत लागते, पावसाळ्यात पाणी उपसावं लागतं, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यानं ती खड्ड्याच्या तळाशीच साचते. तिथे साधा बल्ब फुटला तरी पुरे. ही वाट इथेच सोडून देऊ.

आधी जमीन. वर्ध्याची काळी माती बेसाल्ट झिजून तयार झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाचं खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. हा खेळ साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो असं धरून अशा जमिनीत घराखाली अंडर-रीम्ड पाइल घेतात. घराच्या भिंतींवर स्लॅबचं वजन असतं, म्हणून त्या बऱ्यापैकी दबून राहतात. पोर्चच्या कोब्यावर फारसं वजन नसतं, त्यामुळे घरात सगळ्यात जास्त हलतो तोच. पार्किंग टाइल्स मधोमध उचलल्या जातात, कडेला चीर पडते, ती याचमुळे.

आता त्या कोब्यावर दोन-खांबी लिफ्ट उभी करा. दोन खांबांतलं अंतर सुमारे २.८ मीटर, गाडी टेकते त्या पॅडमधलं अंतर सुमारे १.४ मीटर. म्हणजे प्रत्येक खांबाला अर्ध्या गाडीचं वजन हात लांब करून पेलावं लागतं. १,००० किलोची गाडी घेतली तर एका खांबावर ५०० किलो, बेसप्लेटच्या आतल्या कडेपासून साधारण ०.६ मीटर पुढे. खांब आत झुकू पाहतो आणि बेसप्लेटच्या बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपटले जाऊ पाहतात. खांबाचं स्वतःचं वजन वजा केलं आणि बोल्टची रांग कडेपासून ३५ सेंटिमीटरवर धरली, तर ओढ येते सुमारे ७०० किलो. इनोव्हा क्रिस्टा उचलली, जिचं रिकामं वजन १,८५० किलोच्या आसपास आहे, तर हीच ओढ १,४५० किलोच्या जवळ जाते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे. आणि समोर काय आहे? एक मीटर बाय एक मीटर बाय ४ इंच कोब्याचं वजन भरतं जेमतेम २४० किलो, तेही बहुधा बिनसळईचं. बोल्ट निघत नाही, कोब्याचा तुकडाच निघतो.

लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्या साधारण ४ ते ६ इंच काँक्रीट मागतात, पण त्यांच्या अर्थी काँक्रीट म्हणजे एम-२० किंवा वरच्या प्रतीचं, घट्ट जमिनीवरचं. आपल्या पोर्चमध्ये ४ इंचांत गिट्टीचा पीसीसी आणि वरची टाइल दोन्ही मोजून घेतलेली असतात. टाइल आणि तिच्याखालचा मसाला या कामात शून्य धरायचे.

फुगणाऱ्या मातीचा त्रास ओढीहून मोठा आहे. बेसप्लेट ४० सेंटिमीटर रुंद आणि खांब २.८ मीटर उंच असेल, तर एका कडेखालची जमीन फक्त ५ मिलिमीटर उचलली की खांबाचा माथा ३५ मिलिमीटर कलतो. जूनमध्ये ओळंब्यात असलेला खांब सप्टेंबरमध्ये ओळंब्यात असेलच, असं काळ्या मातीवर कुणी छातीठोकपणे सांगू नये. लिफ्ट बसवून देणारा माणूस ओळंबा एकदाच लावतो.

उपाय आहे, पण तो लिफ्टच्या पावतीत नसतो. दोन्ही खांब एकाच अखंड आरसीसी पट्ट्यावर घ्यायचे, ४ मीटर बाय दीड मीटर, ८ इंच जाड, वर-खाली सळईची जाळी. दोन खांबांची आत झुकायची ओढ मग त्या पट्ट्यातच एकमेकांविरुद्ध जिरते. काँक्रीट लागतं १.२ घनमीटर, सिमेंटच्या सुमारे १० गोण्या. खरं काम त्याखाली. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण थोड्या चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर द्यायची पद्धत मांडली आणि ती कालव्यांच्या अस्तरीकरणात वापरली गेली. त्याच धर्तीवर ५ बाय अडीच मीटर जागा तीन फूट खणून मुरूम भरायचा तर भरतो ४ ब्रास. दाबल्यावर बसतो, म्हणून ५ ब्रास मागवा. मुरमाऐवजी वाळू भरायचा मोह होईल. ती पाणी धरून ठेवते आणि खालच्या मातीला वर्षभर पाजत राहते, तेव्हा नको. काँक्रीटला उन्हाळ्यात किमान १० दिवस पाणी मारायचं आणि बोल्टची भोकं २८ दिवसांनीच पाडायची.

जमिनीनंतर छत. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत स्टिल्ट पार्किंगची किमान मोकळी उंची २.४ मीटर आहे. घराच्या पोर्चचा स्लॅब सहसा १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर. स्विफ्टची उंची १.५३ मीटर. छताखाली १० सेंटिमीटर मोकळे सोडले, तर गाडी १.४ मीटरपर्यंतच वर जाते, आणि मध्ये बीम उतरला असेल तर त्याहून कमी. साडेपाच फुटी माणूस १.६८ मीटरचा. म्हणजे लिफ्टचा सगळा थाट ज्या सुखासाठी, गाडीखाली ताठ उभं राहून काम करण्यासाठी, तेच १० फुटी पोर्चमध्ये मिळत नाही. स्टुलावर बसूनच काम करायचं. इनोव्हा क्रिस्टाला (उंची १.७९५ मीटर) तर १.१५ मीटरच उरतात. उभं राहायचं असेल तर मागच्या अंगणात १२-१३ फुटी टिनाचं शेड हवं, आणि मे महिन्यात ४५ अंशांत टिनाखाली काम करायची तयारी हवी.

विजेचं मात्र लोक उगाच घाबरतात. १,००० किलोची गाडी १.८ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा ०.००५ युनिट. पंप, तेल, घर्षण धरून २.२ किलोवॉटची मोटार ५० सेकंद चालली तरी ०.०३ युनिट. शंभर वेळा गाडी उचलली तर तीन युनिट. अडचण युनिटांची नाही, सुरुवातीच्या झटक्याची आहे. सिंगल फेजवर ही मोटार चालताना १५ अँपिअरच्या आसपास घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. त्यात व्होल्टेज २३०वरून १९०वर आलेलं असेल तर मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ६८ टक्क्यांवर. ती गुरगुरते, उचलत नाही. म्हणून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी.

आणि गाडी वर असताना लाइट गेली तर? गाडी पडत नाही, ती लोखंडी कुलपांवर टेकलेली असते. पण बहुतेक दोन-खांबी लिफ्टमध्ये कुलूप सोडवायला गाडी आधी थोडी वर घ्यावी लागते, आणि वर घ्यायला वीज लागते. घरच्या इन्व्हर्टरवर ही मोटार उठत नाही. म्हणजे गाडी लाइट येईपर्यंत वरच. हातपंपाची सोय असलेली लिफ्ट मागून घ्या, हे इतकं साधं आहे. पण खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही.

आता रॅम्प. त्याचे आकडे छोटे आहेत म्हणून लोक ते पाहतच नाहीत. समजा रॅम्प १६५ मिलिमीटर उंच आणि चढाची लांबी ५५० मिलिमीटर : चढ सुमारे १७ अंश. बंपरची खालची कड जमिनीपासून १६५ मिलिमीटरपेक्षा वर असेल तर बंपर घासणार नाही. टेप घेऊन हे एकदा मोजलं की प्रश्न संपला. कड त्याहून खाली असेल तर ९०० मिलिमीटर लांबीचा रॅम्प घ्या, चढ १० अंशांवर येतो. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं साधारण ६२ टक्के वजन पुढे, म्हणजे एका रॅम्पवर २८० किलो. चांगल्या लोखंडी रॅम्पला हे काहीच नाही. काळ्या प्लास्टिकचे रॅम्पही तेवढं पेलतात, पण वर्ध्याच्या उन्हात अंगणात पडलेलं काळं प्लास्टिक ६० अंशांपलीकडे तापतं आणि मऊ पडतं. इथे लोखंडच.

रॅम्प घसरतो, ही खरी तक्रार. चाक पहिल्यांदा टेकतं तेव्हा रॅम्पवर वजन नसतं, गुळगुळीत टाइलवर तो पुढे पळतो. बोलेरोत हे आणखी वाढतं, कारण ती मागच्या चाकांवर चालते. पुढची चाकं नुसती ढकलली जातात आणि पुढच्या ८०० किलोंसाठी रॅम्पला सुमारे २४० किलोचा धक्का बसतो. ओल्या टाइलवर तो रॅम्प थांबणार नाही. खाली जाड रबरी चटई घाला, आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. वीट नको, वीट फुटते.

१६५ मिलिमीटर उचलून काय मिळतं? स्विफ्टच्या तळाचे १६३ आणि हे १६५ मिळून पुढच्या बाजूला सुमारे १३ इंच. पाठीवर झोपलेल्या माणसाची छाती नऊ-दहा इंच. पाना फिरवायला तीन इंच उरतात. ऑइल काढणं, फिल्टर बदलणं, चिखल धुणं, सायलेन्सरची क्लॅम्प आवळणं, सगळं यात बसतं. चाक काढणं बसत नाही, कारण गाडी चाकांवरच उभी आहे. ब्रेक पॅडसाठी ट्रॉली जॅक आणि घोड्यांची (जॅक स्टँडची) जोडी लागते. आणखी एक : २,४५० मिलिमीटर व्हीलबेसची गाडी पुढून १६५ उचलली की जवळपास ४ अंश कलते. ऑइलची पातळी रॅम्पवर बघू नका, गाडी खाली घेऊन बघा.

१९३२च्या अखेरीस विनोबा नालवाडीत राहायला आले आणि सूतकताईच्या मजुरीत माणसाचं पोट भरतं का, हा हिशेब त्यांनी इथे स्वतःवर करून पाहिला. आपला हिशेब त्यामानानं सोपा. लिफ्टला दीड लाख धरा, १८ टक्के जीएसटीचे २७,००० आणि पाया-वायरिंगला ४०,०००. झाले २ लाख १७ हजार. दोन गाड्या, दर १०,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग, वरची किरकोळ कामं धरून वर्षाला पाच वेळा वापर. दर वेळी हजार रुपये मजुरी वाचली तर वर्षाला ५,०००. पैसे वसूल व्हायला ४३ वर्षं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. म्हणजे तुमची लिफ्ट तीन गाड्यांच्या नोंदण्या संपेपर्यंत कर्ज फेडत राहील. रॅम्प, जॅक, घोड्या मिळून १५,००० धरले तर तीन वर्षं. भाव तुमच्या शहरातले टाका, उत्तर फार हलणार नाही.

दोन लाख नसतील, पण चारही चाकं मोकळी हवी असतील तर कमी उंचीची कात्री-लिफ्ट बघण्यासारखी आहे. ती गाडी अर्धा ते एक मीटर उचलते, वजन सरळ खाली देते, बोल्टवर ओढ नाही, १० फुटी स्लॅबखाली बसते आणि काम झालं की बाजूला सरकवता येणारीही मिळते. कोबा सपाट मात्र हवा.

बाहेरच्यांच्या गाड्या घेऊन चार पैसे कमवायचे असतील तर गणित पालटतं. दिवसाला दोन गाड्या आल्या तर दोन-खांबी लिफ्ट पहिल्या वर्षातच सुटते. पण मग ते घर राहत नाही : वीजजोडणी व्यापारी दरात जाते, परवानगी लागते आणि शेजाऱ्यांचीही बाजू येते.

एक-दोन गाड्यांच्या घराला नालवाडीत माझं मत स्पष्ट आहे : लोखंडी रॅम्प, दोन टनांचा ट्रॉली जॅक, घोड्यांची जोडी आणि चार ठोकळे. तरीही लिफ्टच हवी असेल तर विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी पोर्चच्या कोपऱ्यात ड्रिलनं एक भोक पाडा आणि टाइल वगळून काँक्रीट किती आहे ते मोजा. ६ इंचांच्या आत भरलं, तर आधी मुरूम मागवा, लिफ्ट नंतर.