कुंपणाचा खांब आणि ओळंबा



गेल्या वर्षी तुमच्या देणग्यांतून मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर वारली आजीच्या परसबागेला कुंपण घातले, हे आपण वाचले होतेच. पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ऑगस्टच्या पावसात उताराकडचे चार खांब कलले, तार सैल पडली आणि एका रात्रीत शेळ्यांनी भेंडी, वाल, दुधी सारे फस्त केले. आजी मला काही बोलली नाही. तिने पडलेला खांब तेवढा बाजूला ओढून ठेवला. ते खांब मी स्वतः नजरेच्या अंदाजाने उभे केले होते.

आजीचा मुलगा वसईला बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करतो. दिवाळीला तो घरी आला, तेव्हा त्याने चूक दाखवली. "दादा, उतारावर डोळा फसतो. जमिनीला काटकोनात लावलेला खांब सरळ वाटतो, पण तो खालच्या अंगाला झुकलेला असतो." माती भिजली की अशा खांबाला त्याचे वजन आणि तारेचा ताण खाली खेचतात. मग आम्ही दोघांनी मिळून कुंपण नव्याने घातले. ती रीत अशी :

आधी फक्त कोपऱ्यांचे खांब. सिमेंटचा खांब सात फुटी असेल, तर दोन फूट जमिनीत जायला हवा. खड्डा फूटभर रुंद घ्यावा व तळाशी चार बोटे खडी टाकावी, म्हणजे पाणी साचत नाही.

खांब उभा केल्यावर माथ्याशी लाकडाचा छोटा तुकडा धरून त्यावरून ओळंबा सोडावा. दोरी व खांब यांतले अंतर वर आणि खाली सारखे भरले, तर खांब सरळ. हे एका बाजूने पाहून भागत नाही. लगतच्या दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागते. माझा खांब एका बाजूने सरळच होता!

नंतर दोन तिरके टेकू देऊन एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असे काँक्रीट भरावे. भरल्यावर ओळंबा पुन्हा लावावा, कारण ठोकताना खांब हलतो. काँक्रीटचा माथा बाहेरच्या अंगाला उतरता ठेवावा. आठवडाभर पाणी मारावे. तोवर तार ओढू नये.

कोपरे पक्के झाले की एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणाव्या, एक जमिनीलगत व एक माथ्याला. मधले खांब आठ-आठ फुटांवर दोरीला जेमतेम लागतील असे उभे करावे. सपाट बाजूला दोन्ही कोपऱ्यांचे माथे एका पातळीत आहेत का, हे पारदर्शक नळीत पाणी भरून पाहता येते. नळीत बुडबुडा मात्र राहू देऊ नये. उताराच्या बाजूला माथ्यांची रांग उताराप्रमाणे खाली जाईल, पण प्रत्येक खांब ओळंब्यातच हवा. तारेचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो, म्हणून तेथे तिरका आधार कायमचा ठेवावा.

आमोसाच्या सातव्या अध्यायात प्रभूच्या हाती ओळंबा आहे. त्यावर मी अनेकदा संदेश दिला आहे, पण ओळंबा हाती धरायला मला या तरुणाने शिकवले. आपण शिकवायला जातो आणि शिकून येतो, हे नम्रपणे कबूल करतो.

आजीच्या कुंपणाची खरी परीक्षा येत्या पावसात होईल. त्याआधी याच पाड्यावर आणखी तीन घरांना कुंपण घालायचे आहे. आपल्या मंडळीत कोणी गवंडी किंवा सुतार असतील, तर त्यांनी दोन दिवस आमच्यासोबत यावे. येताना ओळंबा आणावा. आजीची आणि या तीन कुटुंबांची प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभूच्या सेवेत,
आपला बंधू