हाली रुपयाची झीज आणि तिची पारख

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या परभणी जिल्ह्यात निजामाच्या टाकसाळीतील नाण्याला हाली, तर ब्रिटिश सरकारच्या रुपयाला कलदार म्हणत. १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि परभणी, सेलू, मानवत या कापसाच्या पेठा दूरच्या बाजारांशी जोडल्या गेल्या, त्यामुळे दोन्ही नाण्यांचा मेळ घालणे व्यापाऱ्यांसाठी नित्याचे झाले. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, हा रूढ दर चांदीशी जुळणारा होता, कारण ११.६६ ग्रॅमच्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम, तर ११.१८ ग्रॅमच्या हालीत सुमारे ९.१ ग्रॅम शुद्ध चांदी असे.

आज घरोघरी जपलेल्या या रुपयांची अवस्था ठरवताना नाणे टाकसाळीतून कसे निघाले, वापरात किती झिजले आणि नंतर त्याच्यावर कोणते उपचार झाले, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. हातोड्याने पाडलेल्या जुन्या हाली रुपयात ठसा चकतीहून मोठा असे, म्हणून अर्धवट उमटलेली अक्षरे झीज दाखवत नाहीत. हिजरी १३२१ पासूनच्या यंत्रनिर्मित रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत निजाम महबूब अली खान यांच्या काळात ‘मीम’ आणि १९११ नंतर उस्मान अली खान यांच्या काळात ‘ऐन’ हे आद्याक्षर दिसते. या नाण्यांवर सर्वांत उठावदार भाग आधी घासला जातो, त्यामुळे मनोऱ्यांच्या बारीक रेषा आणि ते आद्याक्षर भिंगाखाली तपासावे. तपशील नसेल, पण त्या जागी टाकसाळीची मूळ चकाकी शाबूत असेल, तर ठसा कमजोर उमटला असे समजावे. तपशिलाबरोबर चकाकीही गेली असून पृष्ठ गुळगुळीत झाले असेल, तर ती वापरातील झीज होय. अचूक तराजूवर घटलेले वजन या निष्कर्षाला दुजोरा देते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कडेवर मिळते. बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत चांदीची नाणी गुंफली जात, आणि त्यासाठी जोडलेली कडी काढून टाकल्यावरही डाखाची खूण व तिच्याभोवती घासलेली जागा उरते. असे नाणे तपशिलाने कितीही स्पष्ट असले तरी त्याची नोंद ‘दुरुस्त केलेले’ अशीच व्हायला हवी. संग्राहक ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रिमली फाइन’ आणि न वापरलेल्यासाठी ‘अनसर्क्युलेटेड’ अशा श्रेणी वापरतात, परंतु त्या झिजेचे प्रमाण सांगतात, इजेचे नव्हे.

लक्ष्मीपूजनापूर्वी चिंचेने किंवा राखेने नाणी लख्ख घासण्याची सवय सर्वांत घातक आहे, कारण तिने वर्षानुवर्षांचा काळसर थर आणि त्याखालचे पृष्ठ दोन्ही ओरखडले जातात व झीज वापरातली की घासण्यातली हे पुढे सांगता येत नाही. म्हणून नाणी न घासता, कडेला धरून हाताळावीत आणि कोरड्या कागदी पाकिटात वजन व वर्ष लिहून ठेवावीत. परभणीच्या पेठांतील व्यवहाराचा हा पुरावा पुढील अभ्यासकांना तेव्हाच वाचता येईल.