रियाज : तीन तास पुरे, दुपारी झोप!

गायकाचा सा काळी एक असेल, तर मध्य षड्ज लावताना त्याचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 139 वेळा एकमेकांवर आपटतात. तार षड्जाला दुप्पट! नुसता मध्य सा सलग तासभर लावला, तरी आकडा पाच लाखांच्या घरात जातो. शाळकरी पोरांना 'आठ तास गा' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. तंबोरा बिघडला तर मिरजेत दुरुस्त होतो. गळ्याला ती सोय नाही. पहाटे खर्ज भरण्याची जुनी रीत म्हणूनच मला फार शहाणी वाटते. स्वर खाली उतरले की आघातांची संख्याही उतरते.

जास्त गाण्याची किंमत अल्लादिया खाँसाहेबांनीही मोजली. आमलेट्याच्या दरबारात अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला. पुढे तो परतला, पण पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि तीच आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून कौतुकानं ऐकतो.

आता 'पारंगत व्हायला दहा हजार तास लागतात' हा सुप्रसिद्ध आकडा. तो आला बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरून. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तो अभ्यास छापला, आणि 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकानं आकडा घरोघरी पोचवला. पण दहा हजार ही विशीतल्या सर्वोत्तम गटाची नुसती सरासरी होती. त्या गटातल्या अनेकांचे तितके तास भरलेलेही नव्हते! त्याच अभ्यासातल्या खऱ्या कामाच्या गोष्टी मात्र मागे पडल्या. ही अव्वल मुलं एकट्यानं रोज सुमारे साडेतीन तास वाजवत. तेही एका दमात नाही; एक बैठक फार तर दीड तासाची. मध्ये विश्रांती, आणि दुपारी चक्क डुलकी. संगीतशिक्षक होण्याची तयारी करणाऱ्या गटाचा रियाज रोज सव्वा तासाच्या आसपास होता.

याशा हायफेट्झ, विसाव्या शतकातला व्हायोलिनचा बादशहा! तरुणपणीच्या मुलाखतीत त्यानं सांगून ठेवलंय, की सरासरी तीन तासांहून जास्त सराव तो करत नाही आणि रविवारी वाद्याला हातही लावत नाही.

मग आपल्याकडचा चाळीस दिवसांचा चिल्ला? मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे चालणारा बारा-चौदा तासांचा रियाज? त्या साधनेपुढे मी मान झुकवतो. रविशंकर 1938 मध्ये तिथं गेले ते नाचातली चमकती कारकीर्द मागे टाकून. पण तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, गुरूच्या छायेत राहत होते आणि संगीताशिवाय दुसरा उद्योग नव्हता. शाळा, क्लास आणि गृहपाठ सांभाळून प्रवेशिकेला बसणाऱ्या मुलीला ते माप लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तिच्यासाठी सोपं गणित : रविवारचे सलग दोन तास म्हणजेच रोज वीस मिनिटं, सहा दिवस. वेळ तेवढाच, पण रोजच्या वीस मिनिटांत सहा रात्रींची झोप फुकट मिळते! आणि झोप रियाज करते, हे अक्षरशः खरं आहे. बोटांनी कळा ठरावीक क्रमानं दाबायला शिकलेल्या लोकांवर 2002 मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला. रात्रभर झोपून उठल्यावर त्यांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढला होता. तेवढाच वेळ जागं राहून काढला, तर विशेष फरक नव्हता. संध्याकाळी अडलेला पलटा सकाळी आपसूक निघतो, तो यामुळेही असेल.

आणखी एक गंमत. 1995 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात काही जणांनी पाच दिवस, रोज दोन तास, पियानोवरची पाच बोटांची कसरत नुसती मनात केली. बोट हलवायचं नाही! तरीही मेंदूतला बोटांचा नकाशा प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखाच बदलला. हातानं वाजवणारे अचूकतेत पुढे राहिले, पण मनात वाजवणाऱ्यांनी नंतर एकदाच दोन तास वाजवलं आणि त्यांना जवळजवळ गाठलं.

तबल्याच्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय : आधी पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, मग हात. तेव्हा लोकलमध्ये कोणी विद्यार्थी मांडीवर टाळी-खाली देत कायदा पुटपुटताना दिसला, तर त्याला जागा द्या. त्याचा रियाज चाललाय.