न दिसणाऱ्या शिलकेचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या फलकावर ‘शिल्लक ३० टक्के’ असा आकडा उमटतो आणि चालक निर्धास्तपणे पुढचा टप्पा गाठावयास निघतो. पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा गोळा इंधनाची पातळी प्रत्यक्ष दाखवितो. लिथियम-आयन बॅटरीत मात्र असा गोळा नसतो. तिचे घट सीलबंद असतात आणि त्यांत किती प्रभार उरला आहे, हे थेट सांगणारे उपकरण वाहनात नसते. बाहेरून मोजता येतात त्या प्रामुख्याने तीन गोष्टी : विद्युतधारा, व्होल्टेज आणि तापमान. या आकड्यांवरून आतील स्थितीचे अनुमान बांधण्याचे काम बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, अर्थात बॅटरी व्यवस्थापन प्रणाली करीत असते. या अनुमानाचा आधार म्हणजे बॅटरीचे गणिती प्रतिमान.

अनुमानाची पहिली पद्धत बँक कर्मचाऱ्यांस परिचित वाटावी अशी आहे. आरंभीची शिल्लक घ्यावी, चार्जिंगच्या वेळी आत गेलेला प्रभार जमा धरावा आणि वापरलेला नावे टाकावा. परंतु रोकड जशी नेमकी मोजता येते, तशी विद्युतधारा येत नाही. ५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत मापनाची चूक केवळ ०.१ अँपिअर असली आणि ती सतत एकाच दिशेने होत राहिली, तर १०० तासांत १० अँपिअर-तासांचा, म्हणजेच क्षमतेच्या २० टक्क्यांचा फरक पडतो. चूक लहान असली तरी ती साचत जाते.

दुसरी पद्धत व्होल्टेजची. पुरेशी विश्रांती मिळालेल्या घटाचे व्होल्टेज त्यातील शिलकेनुसार बदलते. मात्र धारा वाहू लागताच अंतर्गत रोधामुळे ते खाली येते. ३.७० व्होल्टच्या घटाचा रोध २ मिलिओहम असेल, तर ५० अँपिअर धारेस बाहेर ३.६० व्होल्टच दिसतात. धारा थांबल्यावर काही भाग तत्काळ भरून येतो, तर उरलेला सावकाश. म्हणूनच अभियंते घटाच्या जागी एक आदर्श विद्युतस्रोत, एक रोध आणि रोध व धारित्र यांची जोडी कल्पून समतुल्य मंडल मांडतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या घटात आणखी एक अडचण येते. शिलकेच्या मधल्या विस्तृत पट्ट्यात त्याचे व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे काही मिलिव्होल्टची चूकही शिलकेचा आकडा बराच बदलून टाकते.

या दोन अपूर्ण नोंदींचा ताळमेळ घालण्याचे साधन १९६० साली रुडॉल्फ काल्मान यांनी मांडले. काल्मान गाळणी प्रत्येक क्षणी प्रतिमानाचे भाकीत आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतील फरक पाहते व ज्याची विश्वासार्हता अधिक, त्यास अधिक वजन देऊन आकडा दुरुस्त करते. बॅटरीच्या शिलकेसाठी तिचा पद्धतशीर उपयोग ग्रेगरी प्लेट यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून दाखविला. तत्पूर्वी, १९९३ साली, डॉइल, फुलर व न्यूमन यांनी इलेक्ट्रोडमधील लिथियमच्या प्रत्यक्ष हालचालीची समीकरणे मांडली होती. ती अधिक सखोल आहेत. परंतु वाहनातील लहान संगणकास ती जड जात असल्याने तेथे बहुधा समतुल्य मंडलाचाच अवलंब केला जातो.

या हिशेबातील चुकीचे मोल मोठे असते. शिल्लक जास्त दाखविली गेली तर वाहन भर रस्त्यात थांबते. एखादा घट मर्यादेपलीकडे चार्ज झाला वा अतिशय तापला, तर आगीचा धोका संभवतो. २०२२ साली देशात विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्यावर एआयएस-१५६ या मानकात सुधारणा करण्यात आली आणि बॅटरी व्यवस्थापन प्रणालीविषयीच्या अटी अधिक कडक झाल्या.

कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. वयोमानाने घटाची क्षमता कमी होते व रोध वाढतो. उष्णतेत ही झीज अधिक वेगाने होते. मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के उरल्यावर बॅटरीचे वाहनातील आयुष्य संपत आल्याचे मानण्याचा प्रघात आहे. बॅटरी हा विद्युत वाहनाचा अतिशय महागडा भाग असल्याने जुन्या वाहनाचे, पर्यायाने तारणाचे मूल्य ठरविताना किलोमीटरच्या आकड्याइतकेच बॅटरीच्या आरोग्याचे अनुमान महत्त्वाचे ठरते.

ग्राहकास यातील समीकरणे ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. परंतु फलकावरील टक्केवारी हे अनुमान आहे, हे ध्यानी घेऊन शेवटच्या टक्क्यापर्यंत वाहन दामटणे टाळावे. पुस्तिकेत अधूनमधून पूर्ण चार्ज करण्याची सूचना असल्यास ती पाळावी, कारण पूर्ण चार्ज झालेल्या स्थितीत प्रणालीस आपला हिशेब जुळवून घेण्याची संधी मिळते. आणि आकडा एकाएकी ३० वरून १० वर घसरू लागला, तर अधिकृत सेवाकेंद्रात बॅटरीची तपासणी करून घेण्यास विलंब करू नये.