संगीत नाटकाची ऑडिशन: ऐकीव किती, खरं किती

गणपती उठले की हौशी नाट्यसंस्थांना स्पर्धेचे वेध लागतात. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा होतात, शिवाय देवळांच्या जत्रांत गावकरी स्वतः नाटकं उभी करतात ती वेगळीच. अशा एखाद्या संस्थेची ‘गाणारे कलाकार हवेत’ ही सूचना फिरू लागली की बऱ्यापैकी गाणारी कितीतरी मंडळी ती वाचतात, दोन दिवस मनात घोळवतात आणि सोडून देतात. का गेला नाहीत म्हणून विचारावं, तर कारणं बहुतेक ऐकीव निघतात. त्यांतली नेहमीची इथे तपासून पाहू.

गैरसमज: विशारद झाल्याशिवाय तिथे कोणी उभं करत नाही.

वस्तुस्थिती: हे नाटकावर आणि भूमिकेवर अवलंबून असतं. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाचा विषयच दोन घराण्यांची गायकी आहे. वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेला खाँसाहेब उभा करायचा तर तयार गळाच लागणार. पण सगळीच संगीत नाटकं अशी नसतात. ‘एकच प्याला’त पदांचा भार सिंधूवर आहे, सुधाकर आणि तळीराम मुख्यतः गद्यावर उभे राहतात. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ तर आधी ‘फाल्गुनराव’ या नावाचं गद्य नाटक होतं, त्यात पदं आली ती १९१६ साली. फाल्गुनरावाला आजही आधी विनोदाचं टायमिंग लागतं.

पहिल्या फेरीत तुमचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. ऑर्गनवर बसलेले गृहस्थ विचारतात, “पट्टी कुठली?” माहीत नसेल तर तसं सांगावं. ते म्हणतात, “हरकत नाही, सा लावा,” आणि दोन-तीन पट्ट्या बदलून तुमचा आवाज कुठे मोकळा लागतो ते स्वतःच शोधतात. मग एखादी ओळ गाऊन दाखवतात आणि तशीच म्हणायला सांगतात. तबलजी ठेका धरतो, तुम्ही समेवर येता की आधीच उडी मारता हे पाहिलं जातं. कान आणि लय ठीक असेल तर पद बसवून घेता येतं हे त्यांना ठाऊक असतं.

गैरसमज: अवघड पद निवडलं की छाप पडते.

वस्तुस्थिती: बहुधा उलट होतं. तुमच्या हाती दोनेक मिनिटं असतात. त्यात दमसास न पुरणारी तान घेतली तर ऐकणाऱ्याला ती तुटलेली तानच लक्षात राहते. शिवाय नाट्यपद मैफिलीतल्या चिजेसारखं एकटं येत नाही. त्याच्या आधी संवाद असतो, समोर कोणीतरी उभं असतं, आणि बोलता बोलता गाण्यात शिरायचं असतं. अनेकजण इथेच अडतात. संवाद छान म्हणतात, मग थांबतात, घसा खाकरतात, डोळे मिटतात, एक हात कानाशी नेतात आणि गवई होतात. पात्र तेवढ्यापुरतं रंगमंच सोडून जातं. दिग्दर्शक अशा वेळी हमखास विचारतो, “हे तुम्ही कोणाला सांगताय?” याचं उत्तर गळ्यातून आणि नजरेतून देता आलं पाहिजे. म्हणून साधं, पाठ असलेलं आणि ज्याचा शब्दन् शब्द तुम्हाला कळलेला आहे असं पद न्यावं. त्याच्या आधीचे चार संवादही पाठ असतील तर उत्तमच.

गैरसमज: मूळ गायकासारखं हुबेहूब म्हणावं लागतं.

वस्तुस्थिती: बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकून पदं बसवणारे आजही पुष्कळ आहेत, आणि ऐकावंच. मात्र त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. म्हणजे आपण ज्याची नक्कल करतो ते पद मुळात त्या वेळेत बसवण्यासाठी आखडलेलं असतं. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत खूप विस्तारानं आणि दर वेळी निराळ्या जागा घेत गायलं जाई. चाल आणि शब्द सांभाळले की बाकीची मोकळीक तुमची असते. नक्कल चांगली साधली तरी निवड करणाऱ्यांना त्यातून तुमचा आवाज कळत नाही, आणि त्यांना तर नेमका तोच ऐकायचा असतो.

गैरसमज: निवड झाली नाही म्हणजे गळाच वाईट.

वस्तुस्थिती: न निवडण्याचं एक अगदी तांत्रिक कारण असू शकतं, आणि ते कोणी समजावून सांगत नाही. ते कारण म्हणजे पट्टी. पुरुषांचा षड्ज साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास असतो आणि बायकांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. एकेकट्या पदात त्यानं काही बिघडत नाही, ऑर्गनवाला पट्टी बदलून घेतो. अडचण येते ती नायक-नायिका एकत्र गातात तेव्हा. मधली काळी तीन धरली तर त्याला वरच्या षड्जावर ओढाताण होते आणि तिचे खालचे स्वर पुटपुटल्यासारखे लागतात. मग ‘सौभद्र’ नाटकातल्या अर्जुनाच्या भूमिकेसाठी आलेल्या दोन चांगल्या गळ्यांपैकी, आधीच पक्क्या झालेल्या सुभद्रेशी ज्याची पट्टी जुळते तो घेतला जातो. दुसऱ्यात खोट नसते.

ते नाटक प्रथम करणाऱ्या किर्लोस्कर नाटक मंडळीपुढे हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. १८८२ साली ‘सौभद्र’ रंगमंचावर आलं, त्यात सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. अर्जुनही पुरुष, सुभद्राही पुरुष. स्त्रिया आणि पुरुष एकत्र काम करू लागल्यावर पट्टी जुळवणं हे निवडीचंच काम झालं. उंची, वय, दिसणं या गोष्टीही जोडी पाहूनच ठरतात. एकट्या उमेदवाराला शंभरपैकी गुण देऊन नाटक उभं राहत नाही.

गैरसमज: मधेच थांबवलं म्हणजे संपलं.

वस्तुस्थिती: एका संध्याकाळी वीस-पंचवीस जण ऐकायचे असतात. अस्थाई ऐकून जे कळायचं ते कळलेलं असतं, म्हणून थांबवतात. कित्येकदा आवडल्यामुळेच थांबवून दुसरं काहीतरी म्हणायला सांगतात. शब्द विसरण्याचंही तसंच. “सॉरी सॉरी” करत पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा माणूस प्रयोगातही तेच करेल अशी धास्ती वाटते. आकारानं ओळ भरून काढून समेवर येणारा माणूस मात्र हवाहवासा वाटतो, कारण प्रयोगात प्रॉम्प्टर मदतीला धावेपर्यंत तबला थांबत नाही.

गैरसमज: सगळं आधीच ठरलेलं असतं, ऑडिशन नुसता देखावा.

वस्तुस्थिती: हा समज अर्धा खरा आहे. हौशी संस्थेत नाटक निवडतानाच ‘आपल्याकडे अमुक गाणारी आहे’ असा हिशेब केलेला असतो, आणि त्यात गैर काही नाही. हाताशी गाणारी नायिका, भामिनी, नसताना ‘मानापमान’ कोणी काढत नाही. पण एकदोन भूमिका ठरलेल्या असल्या तरी बाकीच्या भरायच्याच असतात. तेव्हा “कुठल्या भूमिकांसाठी शोध चालू आहे?” हे सरळ विचारावं. प्रामाणिक संस्था सांगते. आणि ऑडिशनसाठीच भरमसाट पैसे मागितले तर तिथून निघावं. सभासदवर्गणी किंवा वेशभूषेचा वाटा ही निराळी गोष्ट, तीही आधी विचारून घ्यावी.

गैरसमज: मुख्य भूमिका नसेल तर जाऊन काय उपयोग?

वस्तुस्थिती: पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेनं १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्यदिग्दर्शन. त्या नाटकाची ओळख ठरला तो गात, डुलत, उघडझाप करणारा ब्राह्मणांचा मानवी पडदा. त्या रांगेतल्या एकाचा ठेका चुकला तर सगळा पडदा फाटतो. जुन्या धाटणीच्या नाटकातही नांदी सगळे मिळून म्हणतात, आणि नवख्या माणसाला सूर धरून उभं राहायला ती जागा चांगली. सखी, शिष्य, सेवक अशा भूमिकांतून नाटकभर विंगेत उभं राहून पदं कानावर पडतात, तसं शिक्षण एरवी मिळत नाही.

गैरसमज: हौशी म्हणजे सवडीनं.

वस्तुस्थिती: पैसे मिळत नाहीत एवढाच हौशीचा अर्थ. ‘घाशीराम’चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. व्यवसाय सांभाळूनच त्यांनी नाटक केलं, पण तालमींना सवडीचं काम मानून ते नाटक उभं राहिलं नसतं. संगीत नाटकाला तालमी दुप्पट लागतात. संवादांच्या वेगळ्या, पदांच्या साथीसह वेगळ्या, मग दोन्ही मिळून. म्हणून निवडीच्या अर्जात ‘संध्याकाळी किती वाजता येऊ शकाल?’ हा प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तरावर बऱ्याच भूमिका ठरतात. उत्तम गाणारा पण आठवड्यातून दोनदाच येणारा कलाकार आणि बेताचं गाणारा पण रोज येणारा, यांत संस्था बहुधा दुसऱ्याला घेते. पाच आठवड्यांच्या तालमीनंतर तो बेताचा राहत नाही, हा तिचा अनुभव असतो.

तेव्हा या वर्षी सूचना आली की आपला मोकळा वेळ आधी नीट मोजावा, एक सोपं पद संवादासकट पाठ करावं आणि एखाद्या पेटीवाल्याकडे बसून आपली पट्टी समजून घ्यावी. नाव लागलं नाही तर नाटकाला पडद्यामागेही गाणारा कान लागतो हे ध्यानात ठेवून तसं सांगून यावं. हौशी नाटकात प्रयोगाच्या आठवडाभर आधी कोणाची तरी बदली होते, कोणाचा तरी घसा बसतो, आणि त्या वेळी तालमीला हजर असलेल्या माणसाकडेच सगळे वळून पाहतात.