युद्धपट, अल्प भांडवल आणि आपण

युद्धपट म्हटला की रणगाडे, विमाने आणि कोट्यवधींचा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो. साहजिकच युद्धाची कथा सांगण्याचा अधिकार भांडवलवाल्याकडे जातो आणि साधा शिपाई पडद्यावर गर्दीचा भाग होऊन राहतो. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात शिपाई होते. घरातल्या पत्र्याच्या पेटीत त्यांचे पदक आहे. पण त्यांच्यासारखा माणूस युद्धपटाचा नायक झालेला मी पाहिला नाही. म्हणूनच 'इट हॅपन्ड हिअर' हा ब्रिटिश चित्रपट कसा झाला आणि लोकांपर्यंत कसा गेला, हे कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे असे मला वाटते.

१९५६ साली केविन ब्राउनलो या अठरा वर्षांच्या मुलाने हे काम सुरू केले. सोळा वर्षांचा अँड्र्यू मोलो त्याला येऊन मिळाला. १९४० मध्ये जर्मनीने ब्रिटन जिंकले असते तर तिथला सामान्य माणूस कसा वागला असता, हा त्यांचा प्रश्न. चित्रपट पुरा व्हायला आठ वर्षे लागली. खर्च सुमारे सात हजार पौंड. बहुतेक नट हौशी होते आणि चित्रीकरण सवडीच्या दिवशी चाले. आरंभी १६ मिलिमीटरची फिल्म वापरली, पुढे ३५ मिलिमीटरची. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी आपल्या चित्रपटातून उरलेले फिल्मचे तुकडे दिले. टोनी रिचर्डसन यांनी शेवटच्या टप्प्यात पैशाची मदत केली.

पैसा नव्हता, त्याची जागा वेळेने आणि अभ्यासाने भरून काढली. गणवेशाचे बटणसुद्धा चुकू नये, असा मोलोचा आग्रह असे. आणि मुख्य म्हणजे त्यांनी युद्ध रणांगणापेक्षा माणसाच्या नोकरीत शोधले. नायिका पॉलीन परिचारिका आहे. काम हवे म्हणून ती फॅसिस्ट संघटनेत जाते. पुढे एका रुग्णालयात क्षयाने आजारी असलेल्या परदेशी मजुरांना तिच्याच हातून प्राणघातक इंजेक्शने दिली जातात. काय घडले ते तिला नंतर कळते. या प्रसंगाला रणगाडा लागत नाही. एक खोली, एक सुई आणि हुकूम पाळायची सवय एवढे पुरते.

खरा पेच पुढे आला. एका प्रसंगात ब्राउनलोने खऱ्याखुऱ्या ब्रिटिश फॅसिस्टांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांची मते बोलू दिली. त्यांच्याच तोंडून त्यांचा विखार उघडा पडेल, ही त्याची भूमिका. ज्यू संघटनांनी हरकत घेतली. हे विष उत्तराविना पसरेल, ही त्यांची भीती. १९६६ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तो हा भाग वितरकांनी कापल्यानंतरच. पुढे तो पुन्हा जोडला गेला.

मी तो भाग आमच्या वसतिगृहातल्या मुलांना दाखवला. संपल्यावर कोणी बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "सर, ही भाषा इंग्रजी आहे, पण बोलणारा माणूस आमच्या गावचा आहे." दुसऱ्याने विचारले, "आणि ऐकणाऱ्याला तेच पटलं तर?" मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. ज्यांनी ते विष भोगले, त्यांच्या भीतीला भ्याडपणा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण कात्री हे उत्तर नव्हे. उत्तर पडद्यासमोर बसलेल्या माणसांनी द्यायचे असते, आणि त्यासाठी चित्रपटाबरोबर चर्चाही पोहोचावी लागते. त्या रात्री आम्ही दीड तास बोललो. तो दीड तास हा चित्रपटाचाच भाग होता.

म्हणून वितरण हा नंतरचा व्यवहार नाही. केरळात जॉन अब्राहम आणि 'ओडेसा' या गटाने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियन' उभा केला. आपल्याला हे नवे वाटू नये. आंबेडकरी जलसे वस्तीवस्तीत असेच पोहोचले होते.

आज खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. जाहीर खेळासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, त्याचा खर्च आणि वेळ आधीच धरावा. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या काळातल्या शिपायांच्या पेट्या, पत्रे, पेन्शनचे कागद अजून काही घरांत असतील. अभ्यास तिथून सुरू करावा. तोफा नसल्या तरी चालेल. रजेवर आलेला शिपाई गणवेशात गावात शिरतो आणि पाणवठ्यावर त्याला अडवले जाते, एवढा प्रसंग खरा उतरला तरी तो युद्धपटच होईल. मात्र तो दाखवून झाल्यावर दिवे लावायचे आणि उठून जायचे नाही. बसायचे आणि बोलायचे.